चार नंबर जरा बसलाय

मंडपात बायकांची रांग संपून चपलांची सुरू होते, तिथे एका डुगडुगत्या टेबलावर सोळा चॅनलचा जुना मिक्सर असतो आणि मिक्सरामागे अण्णा असतात. काही गावांत ते नाना असतात, काही ठिकाणी बापू. मिक्सर मात्र सगळीकडे एकाच कुळातला. कडेच्या पट्ट्या झिजलेल्या, दोन फेडरांच्या टोप्या हरवलेल्या आणि त्यांतल्या एकीच्या जागी बॉलपेनचं टोपण. फेडरांखाली चिकटपट्टीवर बुवा, पेटी, तबला, टाळ अशी नावं लिहिलेली असतात. पट्टी उपटायची पद्धत नाही. नवीन मंडळी आली की जुन्यांच्या नावांवरच नवी पट्टी चिकटवतात. पाचएक थर उलगडले तर गावाचा इतिहास हाती लागेल.

तक्रार नेहमी एकच असते. तबला कानात घुसतोय आणि पेटी ऐकूच येत नाही. अण्णांचं उत्तरही एकच असतं.

"चार नंबर जरा बसलाय."

हे उत्तर मिळायलाही बराच वेळ जातो. कारण अण्णांच्या लेखी आरोपींचा क्रम ठरलेला असतो. पहिला दोष पेटीवाल्याचा ("भाता मारा की राव, पोरीला झोके दिल्यासारखं काय करताय?"), मग माइकचा, मग केबलचा, मग व्होल्टेजचा. मिक्सरावर संशय घेणं म्हणजे घरच्या माणसावर घेणं.

उपचार मात्र त्यांना येतात, हे कबूल केलं पाहिजे. पहिला उपचार तळहाताचा. दुसरा पाहण्यासारखा. प्रत्येक चॅनलला इन्सर्ट नावाचं एक भोक असतं. त्यात काही खोचलेलं नसलं की आतल्या दोन पत्र्या एकमेकींना टेकून राहतात आणि त्यांच्यातून आवाज पुढे जातो. दोन पावसाळे गेले की त्या पत्र्यांवर थर चढतो आणि आवाज अडखळत, अर्धाच पोचतो. अण्णा एक रिकामा जॅक काढतात, डोळे मिटतात आणि त्या भोकात दहा वेळा आतबाहेर करतात. पत्र्या घासल्या जातात, खर्रर्र होतं आणि पेटी एकदम बोलायला लागते. पहिल्या रांगेतल्या आजी हात जोडतात. अण्णांना तो नमस्कार गणपतीला आहे की आपल्याला, हे नीट कळत नाही. ते तो घेऊन टाकतात.

मिक्सरचा खरा वैरी मात्र पाऊस नव्हे, भक्ती. खंडेनवमीला अण्णा त्याची पूजा करतात. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि सुपारी थेट मास्टर फेडरवर. विसर्जनाला गुलाल असतोच. ही सगळी पूड फेडरच्या फटीतून आत उतरते आणि खालच्या काळ्या कार्बनपट्टीवर बसते. मग फेडर वर सरकवला की आवाज आधी वाढतो, मध्येच गायब होतो आणि पुढे पुन्हा उगवतो. अण्णांचा बारा नंबर असाच आहे. त्यावर ते टाळ लावतात. टाळ मध्येच गेला तरी कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी अण्णांचा पॉलिटेक्निकवाला भाचा सुट्टीत आला आणि घोटाळा झाला. त्याने आधी चार आणि पाच नंबरच्या केबली अदलाबदल केल्या. रोग चार नंबरलाच राहिला, म्हणजे केबल सुटली, चॅनल अडकला. मग मोबाइलवरून 400 हर्ट्‌झचा सूर सोळाही चॅनलना एकेक करून दिला, कारण साधा मल्टिमीटर त्याहून वरच्या सुराला खरं बोलेलच असं नाही. सगळे नॉब एकाच खुणेवर, फेडर शून्यावर, आणि मीटर बाहेरच्या टोकाला. वहीत आकडे उतरले. चार नंबर 6 डेसिबल खाली, म्हणजे मीटरवर थेट निम्मा. नऊ नंबर 2 वर.

"याला वीस वर्षं कुणी हात लावला नाही का, मामा?"

"रोज लावतो," अण्णा म्हणाले.

पोराने चार नंबरचा वाळलेला कपॅसिटर बदलला, नऊचा नॉब पुसून काढला आणि बाराचा फेडर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला. वाटीत जे पाणी निघालं त्याने एखादी सवाष्ण ओवाळता आली असती. मग त्याला एक लाल दोरा बांधलेली केबल सापडली. तिच्या पिनेच्या पोटात अण्णांनी स्वतः तीन रेझिस्टर बसवले होते. आवाज बरोबर निम्मा.

"ही कशाला?"

"ती पुढाऱ्यांची. बोलणाराला कळत नाही, ऐकणाराला बरं वाटतं."

पोराने ती भंगारात टाकली. अण्णांनी ती रात्री उचलून खिशात घातली.

संध्याकाळी भजन सुरू झालं आणि अण्णांच्या बोटांनी वीस वर्षांच्या सवयीने चार नंबर वरच्या टोकाला नेला. पेटीने अशी शिट्टी मारली की बुवांनी अभंग सोडून कान धरले. नऊ नंबर सवयीप्रमाणे खाली ओढला तर तबला पांघरूण घेऊन बसला. टाळ मात्र पहिल्यांदाच सलग ऐकू आला आणि टाळवाला केवढा बेताल आहे ते गावाला समजलं. अण्णा वर करायचं ते खाली करत होते, खाली करायचं ते वर. माणसाने चष्मा नवा करून जुन्या अंदाजाने जिना उतरावा, तसं चाललं होतं. भाचा वही पुढे करून "मामा, आता सगळे सारखे आहेत" म्हणत होता, आणि नेमकं तेच अण्णांना सहन होत नव्हतं.

दुसरा अभंग संपल्यावर अण्णा उठले. खिशातून लाल दोऱ्याची केबल काढली, पेटीच्या माइकला लावली, दुसरं टोक चार नंबरात खोचलं आणि फेडर नेहमीच्या जागी, वरच्या टोकाला नेऊन ठेवला. पेटी जागेवर आली. अण्णांनी तपकीर ओढली.

त्यामुळे आरतीनंतर दोन शब्द बोलायला आलेल्या पुढाऱ्यांना त्या दिवशी धड केबल मिळाली. ते पाऊण तास बोलले. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम 2000 सालापासून आहे, म्हणून सुटलो.