उपरण्याखालचा भाव

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात आजोबांनी मला पहिल्यांदा नेलं, तेव्हा इथली माणसं भलतीच प्रेमळ वाटली. जो तो दुसऱ्याचा हात धरून उभा, वर उपरणं टाकलेलं. पुढं कळलं की त्या उपरण्याखाली बैलजोडीचा सौदा चाललाय. दलाल घेणाऱ्याची बोटं चाचपायचा, मग देणाऱ्याची, आणि तोंडानं पावसापाण्याचं बोलायचा. बोट शंभराचं की हजाराचं, ते बैलाकडं बघून ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

आजोबा दात बघायचे, चालवून बघायचे आणि शेवटी विचारायचे, "इकतोय कशापायी?"

दलालाचं उत्तर ठरलेलं. "पोरीचं लगीन हाय." त्या दलालानं लावून दिलेल्या लग्नांइतक्या पोरी श्रीगोंदा तालुक्यात जन्मल्या असतील असं मला वाटत नाही.

मुंबईच्या शेअरदलालांनी तरी वेगळं काय केलं? तेही आधी टाउन हॉलसमोरच्या वडाखालीच जमायचे. 1875 मध्ये त्यांनी संघटना बांधली, पण ओरडून सौदे करणं 1995 पर्यंत चाललं. मग संगणक आला. आता दलाल स्ट्रीटवर शेअरबाजाराच्या दारात ब्राँझचा बैल उभा आहे. त्याचे दात मात्र कुणी बघत नाही.

माझा दलाल फोनमध्ये राहतो. बाजारात मला थेट पाऊल टाकता येत नाही, म्हणून माझी मागणी तो पुढं सरकवतो. ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी, भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याचा. दुसऱ्या दिवशी शेअर डिमॅट खात्यात. दलाली घेणाऱ्याकडूनही आणि देणाऱ्याकडूनही. हा रिवाज काष्टीतलाच. पावती मात्र इथं पैशापैशाची मिळते. उपरण्याखालची पावती कुणी पाहिली आहे?

आमच्या अण्णांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात या शब्दाला दुसरा अर्थच उरला नाही. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. रोज उठून भाव बघायची कटकट नाही. दिवाळीला सवलतीची साखर घरी आली की समजायचं, शेअर ठीक आहे. बापाचा शेअर पोराच्या नावावर होतो; मधे दलाल लागतो कशाला?

परवा मी एका कंपनीचे दहा शेअर घेतले. अंगठा सरकवला, झालं. अण्णा चष्मा पुसत शेजारी येऊन बसले.

"कुणाचे घेतले?"

"ते कळत नाही, अण्णा."

"बरं. पण तो इकतोय कशापायी?"

मी स्क्रीन वरखाली करून पाहिली. भाव होता, वेळ होती, दलाली होती, सरकारचा करही होता.

"पोरीचं लगीन असंल," मी म्हणालो.