क्लेमेंटीतील आदर्श पिस्तूल

विश्वासातले पिस्तूल बदलावे की नाही, या अमेरिकेतील अनेक सद्गृहस्थांची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचा सिंगापूरमधील क्लेमेंटी या वसाहतीने कायमचा निकाल लावला आहे, याची शस्त्रमीमांसकांनी अद्याप पुरेशी दखल घेतलेली नाही. नित्य बाळगण्याचे पिस्तूल, म्हणजे दूध आणायला जातानाही कपड्यांआड खोचलेले हत्यार, हलके असावे, ऐनवेळी अडकू नये, बसताना टोचू नये आणि शक्यतो ते वापरण्याची वेळच येऊ नये, अशा कसोट्या जाणकार सांगतात. क्लेमेंटीकराचे पिस्तूल या सर्व कसोट्यांना उतरते, कारण ते नसते. विषुववृत्ताजवळच्या दमट हवेतही ते गंजत नाही आणि ४४८ क्रमांकाच्या इमारतीतील खाद्यकेंद्रात रांगेत उभे असताना सदऱ्याखाली फुगून दिसत नाही. (बदलण्याचा व्याप पोलिसांनी स्वतःकडे घेतला असून, त्यांच्याकडे पाच गोळ्यांच्या टॉरस रिव्हॉल्व्हरच्या जागी ग्लॉक १९ आले आहे.) तरीही एखाद्या चोखंदळ रहिवाशास बदल हवाच असेल, तर १९७३ च्या शस्त्रगुन्हे कायद्याने त्याचीही सोय केली आहे: बेकायदा शस्त्र बाळगल्यास ५ ते १० वर्षांचा कारावास आणि वेताचे किमान ६ फटके, म्हणजे आपल्या निवडीचा शांतपणे फेरविचार करण्यास पुरेसा अवधी. नव्या शस्त्राच्या अचूकतेचा मुद्दा तर येथे गौणच ठरतो. इजा करण्याच्या हेतूने झाडलेली गोळी कोणालाही लागली नाही, तरी शिक्षा मृत्युदंडाचीच आहे.