गडकरी? ते तं नागपुरात रायते!

नागपूरकडच्या लग्नाला गेलं की हळद आणि लग्न यांच्यामध्ये एक रिकामी दुपार निघतेच. शहाणी माणसं ती झोपून, पत्ते कुटून किंवा इतवारीत साड्यांची दुकानं पालथी घालून काढतात. छंदिष्ट माणूस मात्र सकाळीच हळूच चपला शोधायला लागतो. आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच त्याची इच्छा असते. पण लग्नघरात माणसं जमतात ती विचारण्यासाठीच. "कुठं निघालात?" याला मी "सावनेरला" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथं कोण आपलं?" राम गणेश गडकरी, हे उत्तर खरं असलं तरी कुठल्याच नात्यात बसत नाही. मग मी "एक जुने ओळखीचे आहेत" एवढं सांगतो आणि यष्टी पकडतो.

माझा छंद जरा अडचणीचा आहे. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी नाणी. मी लेखक-कवी जिथं गेले ती गावं जमवतो. 'गेले' म्हणजे कायमचे. "लोक तीर्थस्थानं करतात, आमच्याकडे मृत्युस्थानं चालू आहेत," असं आमच्या घरात पाहुण्यांना सांगितलं जातं. जन्मस्थानांचं बरं असतं. केशवसुतांच्या मालगुंडला सहली जातात. शेजारीच गणपतीपुळे असल्यामुळे कविता, समुद्र आणि पुण्य एकाच भाड्यात पदरी पडतं. पण तेच केशवसुत 1905 साली प्लेगनं गेले ते हुबळीला, आणि केशवसुतांसाठी हुबळीला कुणी जात नाही. बालकवी 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनाशी रेल्वेखाली गेले. तिथं उतरून रुळांकडे टक लावून उभा राहिलो, तर एका सज्जनानं मला हाताला धरून बाकावर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" असल्या छंदाला सोबती मिळत नाही, याचं मला नवल वाटत नाही.

गडकऱ्यांचा जन्म गुजरातेतल्या नवसारीचा, 26 मे 1885 चा. शिक्षण पुण्याचं, नाव महाराष्ट्रभर आणि शेवट सावनेरला, 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या 33 व्या वर्षी. कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम आणि नाटककार म्हणून स्वतःच, अशी तीन माणसं एकाच दिवशी गेली. 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' ही दोन्ही नाटकं रंगभूमीवर आली ती त्यांच्या मागे, त्याच 1919 सालात. 'राजसंन्यास' तर अपुरंच राहिलं. आज ठाण्यात त्यांच्या नावाचं रंगायतन आहे. तिथं तिकिटासाठी रांगा लागतात. सावनेरला रांग नाही. हीच सावनेरची सोय.

नागपूरहून तासाभराचा रस्ता. पूर्वी इतवारी स्टेशनावरून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सावनेरवरून छिंदवाड्याला जायची. 2015 साली ती बंद झाली आणि आता तिथं मोठे रूळ आहेत. गाव मुळात फाट्यावरचं. इथूनच एक रस्ता छिंदवाड्याकडे फुटतो, दुसरा बैतूलकडे जातो. त्यामुळे सावनेरला उतरलेल्या माणसाला "पुढं कुठं?" असं विचारायची रीत आहे. "इथंच" म्हटलं की लोक निरखून पाहायला लागतात.

मी तर्री-पोहे मागवले. एकट्या माणसानं परगावी पहिलं काम हेच करावं. तोंडात तर्री असेपर्यंत कुणाच्याही प्रश्नाला उत्तर देता येत नाही. तर्री उतरल्यावर मीच विचारलं, "इथं गडकऱ्यांचं स्मारक कुठं आहे?"

पोहेवाल्याचा झारा हवेत थांबला. "गडकरी सायेब? ते तं नागपुरात रायते."

"ते नव्हे. स्मारक म्हणतोय मी."

"स्मारक?" त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "काय बोलता जी! तब्येत ठणठणीत हाय त्याईची. कालच टीव्हीवर दिसले."

नागपूर जिल्ह्यात गडकरी म्हटलं की रस्ते आठवतात, नाटक नव्हे. यात त्या माणसाचा काय दोष? उलट शेजारी बसलेल्या एका पोरानं मला रस्त्याच्या रुंदीकरणात जमीन गेलेला शेतकरी समजून मोबदल्याबद्दल चार मोलाच्या गोष्टी सांगितल्या. मी त्या नीट ऐकून घेतल्या.

पुढं चालायला लागलो. जुन्या घरांकडे बघत हिंडणारा एकटा माणूस गावाला चालत नाही. त्याला लगेच एखादं काम चिकटवलं जातं. एकानं विचारलं, "प्लॉट पाहाले आले का?" दुसऱ्याला मी संत्र्याचा दलाल वाटलो. दिवस डिसेंबरचे, आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरलेली, तेव्हा ती शंका रास्तच होती. तिसऱ्यानं मला वेकोलिचा, म्हणजे कोळसा कंपनीचा, चौकशी अधिकारी ठरवलं आणि आवाजात एकदम अदब आणली. सावनेरच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत, तालुक्यात खापा-गुमगावकडे मँगनीज निघतं, काळ्या मातीत कापूस आहे. इथं परका माणूस जमिनीवरचं घ्यायला येतो किंवा जमिनीखालचं. फक्त बघायला आलेला माणूस म्हणजे ज्यानं अजून खरं काम सांगितलेलं नाही असा माणूस.

मला बाळकराम आठवला तो इथंच. बाळकरामाच्या विनोदी लेखांचं पुस्तक आहे, 'रिकामपणची कामगिरी'. त्याच बाळकरामानं ठकीचं लग्न जमवण्याची केवढी मोठी मोहीम काढली होती! आणि मी एक जमलेलं लग्न नागपुरात टाकून त्याच्या गावी रिकामपणची कामगिरी बजावत होतो. गावकऱ्यांना मात्र बिनरिकामा माणूस हवा होता. शेवटी मी हार मानून एका ठेल्यावर किलोभर संत्री घेतली. हातात पिशवी येताच संशय मिटला. पिशवीवाला माणूस कामाचा असतो.

स्मारकापाशी पोचलो आणि छंदाची नेहमीची पंचाईत झाली: आता करायचं काय? देवळात निदान घंटा असते. हात जोडावेत तर गडकरी हसतील, न जोडावेत तर आलो कशाला? मी बाजूला बसून संत्रं सोलायला घेतलं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन बसले. खाणीतून रिटायर झालेले. ते आता काय ठरवतात याची मी वाट पाहत होतो, पण त्यांनी काहीच ठरवलं नाही. दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाले, "मी 'एकच प्याला'तला तळीराम केला होता जी."

"कुठं?"

"गॅदरिंगमंदी. आर्य मदिरामंडळ काढाचं होतं ना? चा पिऊन पिऊन काढलं." मग जरा थांबून म्हणाले, "मजा पाहा. ज्यानं सुधाकर केला होता, स्टेजवर पश्चात्तापानं ढसाढसा रडला, तो पुढं खरंच पेला लागला. मी तळीराम! साठ वर्सं झाले, चहाच्या वर गेलो नाही."

गडकऱ्यांना ही गोष्ट फुकट मिळाली असती तर त्यांनी तिच्यावर एक अंक रचला असता. मी ती तिथं बसून संत्र्याच्या भावात घेतली. त्यांनी मग भूमिका करून दाखवली, वाक्यं अर्धी विसरून आणि विसरलेली वऱ्हाडीत भरून काढून. रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकले. त्यांना मी आता कोण वाटलो असेन देव जाणे, बहुधा सिनेमावाला.

"एकटेच आले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलं. चार जण असते तं तुम्ही आपसांतच बोलले असते. मंग मले कोन पुसते?"

एकट्यानं हिंडण्याचं समर्थन मी घरी पुष्कळ वेळा केलं आहे, पण इतकं स्वच्छ कधी जमलं नाही. चौघांचा घोळका आपलं गाव बरोबर घेऊन फिरतो. एकटा माणूस दिसला की समोरच्याला त्याच्याबद्दल काहीतरी ठरवावंच लागतं, आणि ठरवायला बोलावं लागतं. दलाल, अधिकारी, शेतकरी हे सगळे मी त्या दुपारी झालो, म्हणून तर तळीरामापर्यंत पोचलो.

तोवर माझा छंद त्यांना सांगून झाला होता. निघताना त्यांनी विचारलं, "आता कोनाचं?"

मी हुबळीचं, केशवसुतांचं सांगितलं. तिथं पाहण्याजोगं काही नसेल हेही सांगितलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, माझा नंबर 'नाटकवाले' म्हणून टाकला आणि म्हणाले, "जाल तेव्हा फोन करा जी. मी पन एकटाच असतो."

आता हुबळीला दोन माणसं एकटी जाणार आहेत.