यादीतले चार

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून तयार होणारी सर्पदंशाची लस या चौघांपुरतीच असते, म्हणून त्यांना सरकारमान्य म्हणायला हरकत नाही. सह्याद्रीतला हिरवा चापडाही विषारी, पण तो यादीत नाही. आणि यादीत नाव नसले की काय होते, हे खेड्याला वेगळे सांगावे लागत नाही.

चौघांत मान नागाचा. फणा काढून तो आधी सूचना देतो. थेट कारवाईला येणाऱ्या इतर खात्यांच्या मानाने ही सभ्यताच. साप दूध पीत नाही. पण बरेच दिवस तहानलेला ठेवला तर समोर येईल ते पितो, आणि नागपंचमीची भक्ती या शोधावर उभी आहे. त्याला बाहेरचे कान नसल्याने तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तिच्या हालचालीवर डोलतो. श्रोत्यांमध्ये हा प्रकार अगदीच दुर्मीळ नाही.

मण्यार काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे. दिवसभर बिळात, रात्री घरात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा फारसे दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि घरची मंडळी रात्रीच्या जेवणाला दोष देऊन ओवा शोधतात. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यावर हा धोका बराच टळतो. उपाय इतका साधा की त्याचे उद्घाटन करता येत नाही. मण्यारीसारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या मात्र काठीने आधी मारला जातो. ओळख परेड नंतर.

घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. कुकरच्या शिट्टीसारखी ती फुत्कारते, तरी अजगराचे पिल्लू समजून तिला उचलणारे निघतातच. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होतात. फुरसे हातभरही नसते. कोकणच्या कातळावर खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते.

दंश झाल्याला ‘पान लागले’ म्हणतात, आणि पान लागलेला माणूस पुष्कळदा आधी भगताकडे जातो. भगताचे यश मोठे आहे, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. उतरलेले विष भगताच्या खात्यावर, चढलेले नशिबाच्या. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावल्याचा अंदाज आहे. त्यात नशिबाचा वाटा किती, हे कोणी मोजलेले नाही. लस सरकारी दवाखान्यात असते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हा स्वतंत्र विषय.

शेतकरी सर्पदंशाने गेला तर राज्याच्या अपघात योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्जाला सातबारा जोडावा लागतो. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या भूमिहीन मजुराला घोणस तीच चावते, पण कागदोपत्री तो चापड्याच्या रांगेत.