वाटी कुणाच्या हातात?

मूल होण्याआधी मोबाईलबाबत सगळ्या नवरा-बायकोंचं एकमत असतं: आपल्या घरात अजिबात नाही! हॉटेलात पलीकडच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासला टेकवलेल्या फोनकडे बघत एखादं बाळ यंत्रवत डोसा गिळत असलं की हे दोघं एकमेकांकडे सूचक नजरेनं बघतात. पुढे यथावकाश मूल होतं, दात येतात, वरणभात सुरू होतो, आणि तत्त्वांना पाझर फुटतो.

नियम सगळ्यांना पाठ असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून टाकलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाहून जास्त नको, त्याहून कमी झाला तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचंही दोन वर्षांपर्यंत नकोच असं म्हणणं आहे. पण हा तास मोजायचा कसा, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवलेलं असतं. कार्टून धरायचं. मराठी बडबडगीतं धरायची नाहीत, ते संस्कार. जेवताना लावलेलं औषधात जमा. आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलेली क्रिकेटची मॅच तर आजोबांच्याच खाती पडते.

या आजोबांचं मत सर्वांत मजेशीर. मोबाईलनं पिढी बिघडली यावर ते कट्ट्यावर तावातावानं बोलतात आणि त्याच दमात सांगतात, "आमचा सव्वा वर्षाचा आहे, पण जाहिरात आली की स्वतः बोटानं उडवतो!" आता खरं सांगायचं तर यात नातवाचं कर्तृत्व बेताचंच. माणसाच्या बोटातून वीज वाहू शकते. बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात किंचित फरक पडतो आणि यंत्र तो हेरतं. जोर लागत नाही, अक्षरओळख लागत नाही. कुणाला काही शिकावंच लागू नये म्हणून मोठमोठ्या इंजिनिअरांनी डोकी झिजवली, आणि शाबासकी मिळते लंगोटातल्या गृहस्थांना. पण ओटीपी वाचून टाईप करेपर्यंत ज्यांची मुदत संपते, त्या आजोबांना नातवाचं कौतुक वाटणारच. (बोट तूप-वरणानं माखलेलं असलं, तर पडदा कधीकधी दाद देत नाही. घरातला हा एकमेव निःपक्षपाती पहारेकरी.)

सवय कुणी लावली, हा विषय मात्र कुठल्याच घरात काढू नये. आई बाबांचं नाव घेते, बाबा आजीचं, आणि आजी म्हणते, "मी कशाला बाई, मला तो चालू करता तरी येतो का?" माझं निरीक्षण इतकंच, की मत विचारण्याआधी भाताची वाटी कुणाच्या हातात आहे ते बघावं. सोफ्यावरून बोलणारा माणूस हमखास कडक असतो. जिच्या एका कानात ऑफिसची मीटिंग, दुसऱ्यात कुकरच्या शिट्ट्या आणि पुढ्यात तोंड घट्ट मिटलेलं पोर, ती उदारमतवादी होते. काऊ-चिऊचे घास भरवायला वेळ लागतो, गळा लागतो आणि खिडकीत खरोखरीचा कावळा यावा लागतो. फोनला यातलं काहीच लागत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१६ साली एक पळवाट अधिकृतपणे ठेवली: दीड वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा नको, पण व्हिडिओ कॉल चालेल. ज्यांची नातवंडं न्यू जर्सीत आहेत अशा साताऱ्या-सांगलीच्या आज्यांना हा नियम कुणी वाचून दाखवला नसावा, पण तो त्या तंतोतंत पाळतात. इकडे आजी पदर डोक्यावर घेऊन माकड होते, भू-भू होते, चष्मा उलटा लावते. तिकडे पोराचा आ वासतो आणि सून शिताफीनं घास आत सरकवते. मध्येच नातू बोटानं आजीला उडवून लावतो, ती पुन्हा फोन लावते आणि राहिलेल्या माकडापासून पुढे सुरू करते. वाटी संपेपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि नियमाप्रमाणे बाळानं आज पडदा अजिबात पाहिलेला नसतो.