वाफेच्या नादी लागलेलं गाव

ऐकलंत ना? रत्नागिरीत सध्या चांगल्या घरातली माणसं बिघडली आहेत. दारू नाही, पत्ते नाहीत, वाफेची इंजिनं! बरं, नाद तरी कोणाचा? जे इंजिन कधी या गावच्या दारात आलंच नाही, त्याचा. इथल्या आजोबांनी मुंबई गाठली ती आगबोटीनं. कोकण रेल्वे सलग सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तीही डिझेलवर. वाफेनं तोवर ब्रॉडगेजवरून काढता पाय घेतला होता. २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर विजेच्या ताराही आल्या. आणि यांचा जीव अजून कोळशात!

परवा एका घरी आईनं दाराआडून ऐकलं. मुलगा फोनवर सांगत होता, "काय देखणी आहे रे! गोल नाक, नाकावर चांदणी!" माउलीला घाम फुटला. चौकशीअंती कळलं, ही डब्ल्यूपी, वाफेच्या इंजिनाची एक जात. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. पहिली १९४७ साली अमेरिकेहून आली. चाकं ४-६-२: पुढे चार लहान, मधे गाडी ओढणारी सहा मोठी, मागे दोन. सून आणायच्या वयात पोरगा चाकं मोजतोय!

याच मुलाच्या स्थळाची गोष्ट. "सारखा बँकरचं काहीतरी वाचत असतो," आई कौतुकानं म्हणाली. मुलीचे वडील खूश, जावई बँकेतला! मुलानं भाबडेपणानं खुलासा केला: कसाऱ्याच्या घाटात चढावर गाडीला मागून रेटायला जादा इंजिन लावतात, ते बँकर. झालं, स्थळ आउटरला उभं! म्हणजे स्टेशन दिसतंय, पण आत घ्यायला सिग्नल नाही.

म्हातारेही कमी नाहीत. तिन्हीसांजेला नातवंडांकडून रामरक्षेऐवजी "साहिब, सिंध, सुलतान" घोकून घेतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ओढणारी ही तीन इंजिनं. आजीनं बाजाराची पिशवी पुढे केली की आजोबा म्हणतात, "क्रॉसिंग आहे." एकेरी मार्गावर समोरची गाडी जाईपर्यंत बाजूच्या लूपवर थांबायचं असतं म्हणे. हे थांबतात ते पार जेवणाच्या पानापर्यंत.

आता आमचं मत विचाराल, तर कोकणातलं जुनं वेड म्हणजे बांधाचे दावे. ते तीन पिढ्या पुरतं आणि जमीन विकायला लावतं. त्यामानानं हे स्वस्त. खुशाल मुलगी द्या. फक्त मधुचंद्राची तिकिटं स्वतः काढा, नाहीतर पोरगी नेरळ स्टेशनातल्या जुन्या वाफेच्या इंजिनापुढे फोटोत दिसेल.