धरूनकाका

मे महिन्यात नक्की कुठं जायचंय, हे धरूनकाकांच्या बायकोला गाडी सुटेपर्यंत ठाऊक नसतं. काकू बिचाऱ्या कूर्गसाठी स्वेटरही भरतात आणि तारकर्लीसाठी उन्हाची टोपीही.

असे एक काका तुमच्याही जिन्यात असणारच. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. एकदा मॉलमध्ये त्यांनी लकी ड्रॉची चिठ्ठी भरली, बक्षीस म्हणून फुकट जेवण मिळालं, आणि आइस्क्रीम येईपर्यंत २५ वर्षांचं रिसॉर्टचं सभासदत्व गळ्यात पडलं. वर्षाला सात रात्री. जा नाहीतर जाऊ नका, देखभालीचे पैसे दरवर्षी भरायचेच. शिवाय हंगामांना रंग! मे आणि नाताळ सगळ्यात महागड्या रंगात. काकांनी घेतला स्वस्तातला, म्हणजे भर पावसाळ्याचा, आणि जायचं असतं मे महिन्यातच. मग काय, जन्माची वेटिंग लिस्ट.

"कूर्गला वेटिंग चार," ते जिन्यात गाठून सांगतात. "म्हणून महाबळेश्वर धरून ठेवलंय. तिथं गर्दी झाली तर तारकर्लीला एमटीडीसीची खोली धरून ठेवलीय."

"आणि तेही गळालं तर?"

"साताऱ्याचा मेहुणा धरून ठेवलाय."

मेहुण्याला हे कुणी विचारलेलं नाही.

कूर्गला रेल्वे जात नाही, म्हणून म्हैसूरची तिकिटं, तारकर्लीसाठी कुडाळची. दोन्ही वेटिंगवर. वेटिंगचं तिकीट रद्द केलं की माणशी ६० रुपये आणि वर जीएसटी कापतात, त्याला काका 'दक्षिणा' म्हणतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. धरून ठेवायचे साठ दिवस गेले ना!

गणपतीत मोदक दोन बायकांकडे सांगून ठेवतात. दोघीही आणून देतात, मग पुढचे तीन दिवस अख्खा जिना मोदक खातो. मुलीच्या लग्नात तर त्यांनी भटजीही एक जादा धरून ठेवला होता. दोघेही आले. मंगलाष्टकं संपेचनात. नवरामुलगा हार धरून धरून टेकीला आला.

या माणसाला मी बरीच वर्षं टाळलं. ज्याला खरंच जायचंय त्याच्या खोल्या हे अडवून बसतात, असं माझं स्पष्ट मत होतं. अजूनही आहे.

पण गेल्या मे महिन्यात रात्री दहा वाजता महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं आमचं बुकिंग वहीत नसल्याचं सांगितलं. सोबत ७८ वर्षांची आई. नाइलाजानं काकांना फोन लावला. ते कूर्गला पोचलेले.

"तिथंच थांबा. महाबळेश्वर अजून सोडलेलं नाही."

दहा मिनिटांत आमची नावं पाहुणे म्हणून लागली.

परत आल्यावर चण्यांची पुडी घेऊन वर गेलो आणि न राहवून विचारलंच, की पोचल्यावरही कशाला धरून ठेवता? ते चणे सोलत बसले. मग म्हणाले, "लहानपणी एसटी लागली की वडील मला खिडकीतून आत ढकलायचे. हातात रुमाल. सात माणसांची जागा, एक रुमाल. एकदा एक दांडगा बाप्या रुमालावरच बसला. मी काहीच बोललो नाही. आई कोल्हापूरपासून राजापूरपर्यंत उभी आली. कडेवर धाकटी."

आतून काकूंनी विचारलं, चहा दोघांना टाकू ना? "तीन टाक," काका म्हणाले. "कुणी आलं तर."

यंदा मीही त्याच क्लबाचा सभासद झालोय. कूर्गला माझा वेटिंग नंबर तीन आहे. एक आणि दोनवर कोण आहे, हे मी विचारलेलं नाही.